दिव्यांगांच्या पार्किंगमध्ये 'दोन मिनिटं'सुद्धा गाडी लावू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मी व्हीलचेअर वापरतो आणि ब्रेक-ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय करून घेतलेली गाडी स्वतः चालवतो. पब्लिक पार्किंगमध्ये आमच्यासाठी निळी खूण केलेली जागा इतकी रुंद का ठेवतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ती साधारण ३.६ मीटर लागते कारण दरवाजा पूर्ण उघडून, बाजूच्या सीटवरची खुर्ची बाहेर काढून, तिची चाकं बसवून मग स्वतःला तिच्यावर सरकवायचं असतं. शेजारचे तिरके पट्टे म्हणजे उरलेली जागा नाही हो, तिथे कुणी बाईक लावून गेलं की मी परत आल्यावर गाडीत बसूच शकत नाही, मागच्या आठवड्यात पाऊण तास तसाच बाहेर थांबलो.

पार्किंगच्या सवलतीचं पण सांगतो. दिव्यांगांचा पार्किंग पास गाडीच्या नंबरला न जोडता माणसाला द्यायला हवा, कारण कधी मी चालवतो, कधी भावाच्या गाडीतून जातो. आणि नुसते पैसे माफ करून भागत नाही, आम्हाला चढा-उतरायलाच वेळ जातो म्हणून वेळेची मुदत वाढवून द्या, तिकीट मशीनचं बटण सीटवरून हात पोचेल इतकं खाली घ्या. जागा लिफ्टजवळ दिली आणि लिफ्टच बंद, मग उपयोग काय? पास नसलेली गाडी दिसली की ती लगेच हटवायला लावायचा अधिकार अटेंडंटला लेखी द्या, नाहीतर तो बिचारा कुणाकुणाशी भांडणार.

- एक दिव्यांग वाहनचालक