बर्फाखालची मासोळी आणि बाबांचे पथ्य

औलू, फिनलंड
8 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, की डॉक्टरांनी तिखट आणि तेल कमी करायला सांगितल्यापासून घरात मासोळी आलेलीच नाही. सावजी रस्सा नसेल तर मासोळी खाण्यात काय राम? ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही, कारण दर आठवड्याला भोईपुऱ्यातून पिशवी भरून आणणारे बाबा मला डोळ्यांसमोर दिसतात. त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या आजोबांनी गोठलेल्या तळ्यातून एक मासा आणला, माझ्यादेखत शिजवला आणि मला पोटभर खाऊ घातला. त्यात मिरचीचा कण नव्हता, तरी मी दोन वाट्या अधिक घेतल्या. फोनवर हे सगळे नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या माशाला फिनिश भाषेत मादे म्हणतात आणि इंग्रजीत बर्बट. समुद्रातल्या कॉडच्या कुळातला हा एकच मासा आहे, ज्याने आपले सारे आयुष्य गोड्या पाण्यात काढायचे ठरवले. अंग लांबट आणि बुळबुळीत, रंग शेवाळी-तपकिरी ठिपक्यांचा, खवले इतके बारीक की हाताला लागत नाहीत, आणि हनुवटीखाली एकच मिशी. बाकीचे मासे थंडीत सुस्तावतात तेव्हा हा उत्साहात असतो. जानेवारी ते मार्च या काळात बर्फाखाली त्याची वीण होते, आणि तो रात्री भक्ष्य शोधतो. म्हणून इथली माणसे भर हिवाळ्यात बर्फाला भोके पाडून गळ आणि जाळी टाकतात. इंग्लंडच्या नद्यांत मात्र 1969 नंतर तो कोणाला सापडलेला नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटले.

आजोबांनी तो बादलीतल्या बर्फगार पाण्यात जिवंतच आणला होता. मादे शिळा झाला की त्याचे मांस रबरासारखे चिवट होते, असे ते म्हणाले, आणि म्हणूनच घरी आल्याबरोबर कोट काढण्याआधी त्यांनी सुरी काढली. डोक्यामागे त्यांनी गोल चीर दिली, कातडीची कड पकडीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने डोके दाबून ती शेपटीकडे ओढली. ओला मोजा पायातून उलटा निघावा तशी ती अख्खी कातडी एका दमात निघाली आणि खाली निव्वळ पांढरे, घट्ट मांस राहिले. आई, तू मरळ राखेने चोळून तिचा बुळबुळीतपणा घालवायचीस, तेव्हा मी ओट्याला टेकून बघत असे. त्या दिवशी मी अगदी तशीच उभी होते. पोट उघडताना त्यांनी पित्ताची पिशवी फार जपून वेगळी केली, कारण ती फुटली तर सगळे कडू होते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सूप. डोके आणि काटा टाकून द्यायचा नाही. डोक्यातले कल्ले तेवढे काढले, आणि डोके, काटा, एक कांदा, तमालपत्र, ऑलस्पाइसचे मिऱ्यासारखे दाणे व मीठ घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवले. वर आलेला फेस ते पळीने सारखा काढत होते. मग ते पाणी गाळून त्यात बटाट्याच्या फोडी शिजवल्या. बटाटा पुरता शिजल्यावर माशाचे दोन बोटे रुंदीचे तुकडे घातले, त्यांना सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिला नाही, आणि त्यानंतर पळी फिरवली नाही, नुसते पातेले हलवले. शेवटी लोण्याचा गोळा, साय, आणि वरून बारीक चिरलेला शेपू. होय, आपलाच शेपू, ज्याच्या भाजीपासून मी लहानपणी पळत असे! सोबत राय या धान्याची काळी पाव-भाकरी होती. रस्सा इतका निवळ आणि गोडसर लागला, की मासोळीची स्वतःची चव मी बहुधा पहिल्यांदाच जिभेवर घेतली.

अमेरिकेत मिनेसोटाकडे याचे तुकडे मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे शिजवून वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात आणि त्याला गरिबांचा लॉबस्टर म्हणतात. आजोबांनी मला तसेही चार तुकडे दिले. छानच होते, पण लोणी जास्त, म्हणून बाबांसाठी नकोच. रायच्या पिठात घोळवून तव्यावर परततात, तेही चांगले लागते.

मादेची कलेजी मात्र वेगळीच वस्तू आहे. शरीराच्या मानाने ती फार मोठी असते, तेलकट असते आणि अ व ड जीवनसत्त्वांनी भरलेली असते. सुपात ती शेवटी घालतात आणि पूर्ण शिजू देतात, कारण इथल्या गोड्या पाण्यातल्या माशांत एका चपट्या जंताच्या अळ्या असू शकतात. त्याच कारणाने गाभोळी कच्ची खायची असेल तर आधी फ्रीजरमध्ये गोठवून घेतात. मग कांदा आणि आंबट साय घालून ब्लिनी नावाच्या जाडसर धिरड्यांवर ती वाढतात. तो इथे फेब्रुवारीतला मानाचा पदार्थ समजला जातो.

बाबा, हे सगळे तुमच्यासाठी लिहिले, कारण आपल्याकडे मादे मिळत नसला तरी मरळ मिळते. तिचे मांस तसेच पांढरे, घट्ट, आणि काटे कमी. शिवाय मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून बाजारात ती टबात जिवंत असते. म्हणजे ताजेपणाची जी अडचण आजोबांना पडते, ती तुम्हाला पडणारच नाही. सकाळी लवकर जा, जिवंतच निवडा, आणि तिथेच कापून घेऊन तासाभरात घरी या. मसाल्यात मुरवत ठेवू नका. जवसाच्या तेलाची फोडणीही या वेळी राहू द्या.

आई, दूध आणि मासोळी एकत्र म्हटल्याबरोबर तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. इथली माणसे पिढ्यान्पिढ्या तसे खात आली आहेत, पण तुझे मन मानणार नसेल तर नारळाचे पातळ दूध घाल आणि गॅस बंद केल्यावरच घाल, म्हणजे ते फाटणार नाही. ऑलस्पाइसऐवजी चार मिरी आणि एक लवंग पुरे. लोण्याऐवजी अर्धा चमचा साजूक तूप चालेल. शेपू थोडाच टाक, आपला शेपू उग्र असतो. आणि डोके कोणाला देऊन टाकू नकोस, सगळा जीव त्याच्या पाण्यात आहे. बाबांना गालाचा तुकडा वाढ, तो सर्वांत मऊ असतो.

मुंडी शिजवताना कुकर लावू नकोस, झाकण तिरपे ठेवून साध्या पातेल्यातच ठेव. येत्या रविवारी मी इथल्या सकाळी साडेआठला फोन करीन, तेव्हा तुमच्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतील. पातेले ओट्यावर असेल तर फोन त्याच्यासमोर धरा, मला रश्श्याचा रंग बघायचा आहे.

तुमची लेक