जंत नव्हे, सूत्रकृमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेवटच्या पानावर 'समुद्राच्या तळाशी नवे जंत' अशी चार ओळींची बातमी होती. नातीने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "आज्जा, समुद्राला बी गोळी देतात काय?" शाळेत जंताची गोळी नुकतीच मिळालेली, तिचा काय दोष!

या प्राण्याला मराठीत चांगला शब्द आहे: सूत्रकृमी, म्हणजे सुतासारखा बारीक कृमी. आमच्या भागातल्या कुठल्याही भाजी पिकवणाऱ्याला विचारा. मागच्या उन्हाळ्यात माझं दहा गुंठे टोमॅटो पिवळं पडलं. पाणी वाढवलं, युरिया टाकला, दुकानदाराने भलतंच औषध गळ्यात मारलं. शेवटी एक रोप उपटलं तर मुळांना गाठीच गाठी, ओल्या हळकुंडासारख्या. ब्लेडने एक गाठ चिरली. आत मोहरीहून बारीक, मोत्यासारखा पांढरा ठिपका. ती सूत्रकृमीची मादी. माझ्या पिकाची वाट लावणारी बाई एवढीशी!

पोटातला गोल जंतही याच गोतावळ्यातला, म्हणून बातमी साफ चूक म्हणत नाही. पण जंत म्हटलं की कुणाच्या तरी पोटात राहणारा. समुद्रतळाच्या गरम झऱ्यांजवळचे सूत्रकृमी बहुतेक मोकळेच राहतात. २०१९ मध्ये ऑन्कोलायमस डायव्ही नावाची जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, ती अटलांटिकच्या तळाशी लकी स्ट्राइक नावाच्या जागी, सुमारे १,७०० मीटरवर. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. त्याच्या दुपटीहून खोल. तिथे ऊन नाही. झऱ्याच्या पाण्यात कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो, त्यावर जीवाणू जगतात आणि जीवाणूंवर बाकीचे. असे झरे पहिल्यांदा दिसले १९७७ मध्ये, गॅलापॅगोस बेटांजवळ. म्हणजे माझ्या लग्नानंतर!

आणि नवी जात ओळखायची कशी? सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या शेपटीजवळचे काटे मोजायचे, तोंडातले दात बघायचे. आम्ही बियाणं निवडतो त्याच्या शंभरपट किचकट काम. त्याला चार ओळी, आणि वर गांडुळाचा फोटो. गांडूळ तर या कुळातलंच नव्हे.

दुरुस्ती छापावी, लहान का असेना. कात्रण नातीला शाळेत न्यायचं आहे.

— एक भाजीपाला उत्पादक, कडोली (ता. बेळगाव)