कपलिंगचं रबर बदलण्याआधी कापून बघा

संपादक महोदय,

इंजिन आणि पंप किंवा जनरेटर यांच्यामधल्या कपलिंगचं रबर पुन्हा पुन्हा फाटायला लागलं की 'जरा कडक रबर टाका, टिकेल' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. रबर कदाचित टिकेल, पण क्रँकशाफ्ट किंवा गिअरचे दात जातील.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत दोन धक्के देतं. म्हणजे 1500 आरपीएमला सेकंदाला 50 आणि 750 च्या आयडलिंगला 25. समजा, मूळ रबरावर जोडणीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ती आपणहून पिळली-सुटली जाण्याचा वेग, सेकंदाला 15 आहे; धक्के याच वेगाने बसले की हेलकावे वाढत जातात. धक्क्यांचा हा वेग गाठला जातो 450 आरपीएमला, आणि स्टार्ट होताना इंजिन तिथून क्षणात पुढे निघून जातं. पावणेतीनपट कडक रबर बसवलं की तीच वारंवारता 25 होते. आता आयडलिंगला कपलिंग सतत त्याच ठोक्यात सापडतं, आणि गिअरची खडखड सुरू होते.

जुनं रबर कापून बघा. बाहेरून धड, पण आत चिकट, जळकट असेल तर ते पिळवटून तापल्यामुळे गेलंय. एक इंजेक्टर नीट काम करत नसला तरी हे होतं: 1500 आरपीएमला त्या सिलिंडरचा धक्का सेकंदाला साडेबारा वेळा चुकतो, आणि 12.5 हा आकडा 15 च्या फार जवळ आहे. इंजेक्टर तसाच ठेवून रबर बदललं तर नवंही जळणार. रबर फुगून मऊ पडलं असेल तर मागच्या ऑइल सीलची गळती बघा. नैसर्गिक रबर बसवताना ग्रीस तर मुळीच लावू नका, साबणाचं पाणी पुरतं.

गार्डखाली काळी भुकटी साचत असेल तर बहुधा अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणं, गेलंय. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) एका शाफ्टच्या फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या चकतीवर, बांधा, त्याचं टोक दुसऱ्या फ्लँजच्या कडेवर टेकवा आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा. वर-खालच्या रीडिंगमध्ये 0.40 मिमी फरक आला तर शाफ्ट 0.20 मिमीनेच वर-खाली असतो. घाईत पायाखाली 0.40 ची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) टाकली तर चूक तेवढीच राहते, फक्त उलट्या बाजूला. शिवाय तापल्यावर इंजिन उचललं जातं: पायापासून शाफ्टपर्यंत 400 मिमी बिडाची बॉडी 50 अंशांनी तापली तर सुमारे 0.22 मिमी. पंप थंडच राहणार असेल तर जोडताना इंजिनाचा शाफ्ट तेवढा खाली ठेवायला हवा.

रबर विकणाऱ्यांना एक विनंती: पाकिटावर शोअर कडकपणा (रबर किती कडक, त्याचा आकडा) आणि उत्पादनाचा महिना स्पष्ट छापा. नुसत्या मापावरून रबर निवडता येत नाही.

— इंजिन दुरुस्तीच्या व्यवसायातील वाचक