मशीन दुरुस्त झालं, पण फ्यूज कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्कशॉपमधलं ग्राइंडर, ड्रिल मशीन नाहीतर बॅटरी चार्जर जळालं की आपण दुरुस्तीला टाकतो, वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) नवीन होतं, कॅपॅसिटर बदलतो, आणि मशीन फिरायला लागलं की पैसे देऊन मोकळे. एवढं काळं पडेपर्यंत ते चालूच कसं राहिलं हे कुणी विचारत नाही, ना मालक ना मेकॅनिक. मशीन उघडलेलंच असतं तर तेव्हाच आत एक फ्यूज होल्डर बसवून घ्या, एवढ्यासाठी हे पत्र.

यावर ठरलेलं उत्तर, बोर्डात एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे की! आहे ना, पण तो मुख्यतः भिंतीतल्या वायरिंगसाठी. एमसीबी १६ अँपिअरचा आणि ग्राइंडर खाणार २ अँपिअर, वाइंडिंग आतून शॉर्ट होऊन ते १० अँपिअर खायला लागलं तरी एमसीबीच्या हिशोबाने सगळं ठीकच चाललंय, तो पडणारच नाही. इकडे करंट पाचपट झाला की वाइंडिंगमधली उष्णता पंचवीसपट होते, मग धूर निघणारच.

आता फ्यूज घालायचा म्हणजे दिसेल तो घालायचा नाही. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तिथे फास्ट फ्यूज घातला तर तो सारखा उडणार आणि मग वैतागून कुणीतरी त्याजागी तांब्याची तार गुंडाळणार (हे सगळीकडे चालतं, नाही म्हणू नका). म्हणून स्लो ब्लो, म्हणजे क्षणभराचा जादा करंट सोसणारा, ज्यावर इंग्रजी टी लिहिलेलं असतं तो, आणि नेहमीच्या करंटपेक्षा थोडा वरचा, २ अँपिअरच्या मशीनला ३.१५ चालून जातो, सुरू होतानाच उडत असेल तर एक पायरी वर जा, पण थेट १० वर नको. व्होल्टेज पण बघा, गाडीतला पातीचा फ्यूज साधारण ३२ व्होल्टचा असतो, तो २३० वर वापरायचा नाही. मेनच्या म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला काचेच्या ऐवजी वाळू भरलेला सिरॅमिक घ्यावा, मोठा शॉर्ट झाला तर साधी काचेची नळी फुटू शकते.

आणि फ्यूज फेजमध्येच, स्विचच्या आधी. न्यूट्रलमध्ये टाकला तर उडाल्यावर मशीन बंद दिसतं पण आत फेज तसाच जिवंत, हे तर फ्यूज नसण्यापेक्षा वाईट. झाकण फिरवून उघडायच्या होल्डरमध्ये फेज मागच्या टोकाच्या टर्मिनलला द्यायचा, म्हणजे झाकण काढताना बोटाला लागत नाही. चांगले चांगले मेकॅनिक उलटं जोडतात.

फ्यूजने शॉक लागायचा थांबत नाही हे पण खरं, त्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) लागतो. थ्री फेज मोटरला तर नुसते फ्यूज पुरतच नाहीत, एक उडाला की मोटर दोन फेजवर घरघरत जळते, तिथे ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा करंट चालू राहिला की मोटर बंद करणारं उपकरण, पाहिजेच.

दुरुस्तीवाल्यांनी फ्यूजचं रेटिंग बिलावर आणि होल्डरशेजारी मार्करने लिहून द्यावं, म्हणजे पुढच्याला अंदाजाने काहीतरी घालायची वेळ येणार नाही. तार घालणारा घालेलच म्हणा.

आपला,
एक वाचक