खाली केलेल्या गाड्या आणि टायरची आतली कड

महोदय,

आखूड स्प्रिंगा बसवून गाडी खाली करून घेण्याची हौस मुंबईतही दिसते. पण उंची घटताच चाकांचा वरचा भाग आत कलतो आणि, त्याहून घातक म्हणजे, टो (वरून पाहता चाके पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडतो, त्यामुळे टायर तिरका घासला जाऊन त्याची आतली कड झपाट्याने झिजते. बाहेरून नक्षी शाबूत दिसते. आत हात घालून चाचपले तरच करवतीसारखी धार बोटांना लागते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद, आणि आपल्याकडच्या पावसात तर त्याआधीच पकड सुटू लागते. अनेक गाड्यांत कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, जुळवण्याची सोयच नसते (विकताना हे कोण सांगतो?), तरी टो जुळवता येतो. स्प्रिंगा बदलणाऱ्या गॅरेजांनी अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे हे कोन तपासून जुळवल्याचा, छापील अहवाल बिलासोबतच द्यावा.

– एक वाचक, मुलुंड