कॉइल की क्लिप, पूर्ण सांगा

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला मेंदूच्या अॅन्युरिझमवरचा (रक्तवाहिनीला येणाऱ्या फुग्यावरचा) लेख वाचला, माहिती चांगली, पण कॉइलिंग (रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात तारेचं वेटोळं भरणं) नवं म्हणून भारी आणि क्लिपिंग (कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला चिमटा लावणं) जुनाट हा सूर काही पटला नाही. या दोन उपचारांची तुलना करणाऱ्या २००२ च्या आयसॅट ट्रायलमध्ये २१४३ पेशंट होते, वर्षभरानं मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलवाल्यांत साधारण २४ टक्के आणि क्लिपवाल्यांत ३१, हे खरंच, पण त्यात फुगा फुटलेले आणि दोन्ही उपचार चालतील असेच पेशंट घेतले होते. फुग्याचं तोंड रुंद असलं तर बऱ्याचदा क्लिपच बरी पडते, शिवाय कॉइलनंतर पुन्हा तपासण्या आल्याच, त्याचा खर्च वेगळा. खानापूर-निपाणीकडची माणसं रात्री-अपरात्री पेशंट बेळगावला आणतात आणि आयसीयूच्या दारात सही करतात, त्यांना हे कोण सांगणार? पुढच्या लेखात एवढं तरी छापा.
– एक वाचक, खानापूर