पेंटरकाका, पेन्सिल माझ्याच हातात राहू दिलीत

पेंटरकाका, सा. न. वि. वि.

काल आईचं चित्र पुरं झालं. समोरून नाही, पाऊण चेहऱ्याचं. ती सदा टीव्हीकडे तोंड करून बसलेली, त्यामुळे माझ्या वाट्याला तिचा डावा गालच जास्त येतो. मला तोच काढायचा होता.

शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, सगळं झालं. चेहरा कुणी शिकवला नाही. वयाच्या ४६व्या वर्षी क्लास लावला. तिथले सर मागून यायचे, पेन्सिल काढून घ्यायचे आणि दोन मिनिटांत माझं चित्र झकास करून पुढे जायचे. वही भरली, पण त्यात माझी म्हणावी अशी रेघ सापडेना. वर "मॅडम, तुम्ही रांगोळी काढा" हा सल्ला फुकट. (रांगोळी काय सोपी असते?)

मग तुम्ही डोकं म्हणून नारळ आणलात. त्यावर दोन रबरबँड: उभा नाकाचा, आडवा डोळ्यांचा, बरोबर मध्यावर. डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात, हे मला तेव्हा कळलं. मी ते कपाळात चढवत होते. नारळ वळवलात तशी उभी रेघ धनुष्यासारखी वाकली, पलीकडची बाजू आक्रसली. खडूनं कान काढून नारळ पुढे झुकवलात, तर कान डोळ्यांच्या वर! "कान हलले नाहीत ताई, मान हलली."

आयुष्यभर फोटोवर चौकटी आखून, एकेक चौकोन मोठा उतरवत पोस्टरं रंगवलीत तुम्ही. मलाही चौकटीच शिकवल्या असत्या तर फोटो हुबेहूब उतरवला असता. पण आई कुठे फोटोसारखी बसते?

खरं सांगायचं ते वेगळंच. पलीकडचा गाल सतत फुगत होता. तुम्ही खिशातून चुरगळलेलं बिल काढलंत, त्याच्या पाठीवर गाल काढलात आणि माझ्या कागदाशेजारी ठेवलात. माझ्या कागदाला बोटही लावलं नाहीत. मी खोडत राहिले, तुम्ही चहा पीत राहिलात. ज्याला येतं त्यानं हात आवरून बसायचं, याला केवढा मोठेपणा लागतो! छापील फ्लेक्सनं ज्याच्या पोटावर पाय दिला, तो माणूस फी म्हणून फक्त चहा घेतो, हेही विसरणार नाही.

आईनं चष्मा चढवून चित्र न्याहाळलं. "गाल एवढे बसलेत माझे?" मग थोड्या वेळानं, "नाक मात्र माझंच आहे."

तुमचा नारळ अजून फोडलेला नाही. रबरबँडही तसेच आहेत.

तुमची,
खोडरबरवाली ताई